फोटोसह समक्ष भेटा

(दृश्य : सांगली, कापड पेठ. सकाळी साडेदहाची वेळ. शटर वर जातायत, पोरं पुतळ्यांना साड्या नेसवतायत.)

दसरा महिन्यावर आला की इथल्या काचांवर कागद चिकटतात. सेल्सगर्ल पाहिजेत. वय अठरा ते पंचवीस. स्मार्ट असावी. फोटोसह समक्ष भेटा. पगाराचा आकडा कागदावर नसतो, कामाचे तासही नसतात. फोटो मात्र हवाच.

स्मार्ट म्हणजे काय, असं विचारलं की दुकानदार हसतात. "आता ते काय सांगायचं, समजून घ्या की." अजून खोदलं की हळूहळू बाहेर येतं : उंच, उजळ, अंगानं बारीक, बोलायला चुणचुणीत. 'गोरी पाहिजे' असं कुणी कागदावर लिहीत नाही. ते काम फोटो करतो. त्यात आणखी एक शब्द हळूच येतो, 'घरंदाज दिसणारी'. हा शब्द आला की आडनाव विचारायचीही गरज उरत नाही.

(दृश्य : तासगावजवळची द्राक्षबाग. घडांची विरळणी करणाऱ्या बायका.)

तासगाव, कवठेमहांकाळच्या बागांत विरळणीला, डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) जाणारी मुलगी उन्हानं रापलेली असते. बारावी झालेली असली, हिशेबाला पक्की असली, तरी तिचा फोटो बाजूला पडतो. आणि ज्या बागेत ती राबते, त्या बागमालकाच्या पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर याच पेठेत येतं.

दुकानदाराची बाजू खोटी आहे असं नाही. काच आम्ही रोज का पुसतो, दिवे एवढे का लावतो, असं ते विचारतात. मोबाईलवर साडी मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात ओढायचं तर दुकान दिसायला हवं, आणि माणसं हा दुकानाचाच भाग. बाजार चेहऱ्याला पैसे देतो, हेही खरंच. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी 1994 साली अमेरिका आणि कॅनडातल्या माणसांच्या कमाईचा अभ्यास छापला. दिसायला सरासरीहून डावी मानली जाणारी माणसं कमी कमावतात, असं त्यात निघालं. पण त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. हा फरक ज्या कामात चेहरा पुढे असतो तेवढ्यापुरता नव्हता, इतर कामांतही होता. म्हणजे चेहऱ्यानं धंदा वाढतो म्हणून मालक जास्त देतो, एवढ्यानं याचा उलगडा होत नाही. मालकाची स्वतःची आवडही त्यात आहे.

(दृश्य : साड्यांचं दुकान, पहिला मजला. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग.)

आता हे काम नेमकं काय असतं, ते बघू.

बस्त्याला पंधरा माणसं येतात. नवरी, तिची आई, मावश्या, दोन आत्या, पाठीमागे कंटाळलेले पुरुष आणि कोपऱ्यात पिशवी घट्ट धरून बसलेली आजी. पहिल्या पाच मिनिटांत ओळखावं लागतं, की साडी निवडणार नवरी, पण 'हो' म्हणणार आजी. मानाच्या साड्या आधी दाखवायच्या की आहेराच्या, हे ठरवावं लागतं. आत्याला मावशीपेक्षा हलकी साडी गेली तर उद्या मांडवात तोंड फुगेल, ही काळजी गिऱ्हाइकाआधी विकणाऱ्याला असावी लागते. आजीला नऊवारी हवी, तीही धुतल्यावर रंग न सोडणारी. पदर एका झटक्यात उलगडायचा, काठ बोटांवर फिरवून दाखवायचा, भाव विचारायच्या आत दुसरी घडी मोडायची. शंभर साड्या उलगडून अकरा विकल्या, तरी उरलेल्यांच्या घड्या घालताना चेहऱ्यावर आठी आणायची नाही.

जतच्या पूर्वेकडची गावं कन्नड बोलतात. कर्नाटकातल्या अथणी, कागवाडकडूनही गिऱ्हाईक इकडे येतं. काउंटरवरच्या मुलीनं "बर्री अक्का" (या ताई) म्हटलं, की त्या बाईचा चेहरा कसा खुलतो ते बघा. एका जुन्या सेल्समनना विचारलं, तुमच्याकडची सगळ्यात चांगली मुलगी कोणती? त्यांनी जिच्याकडे बोट दाखवलं ती बुटकी, सावळी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. "तिला मागच्या दिवाळीचं गिऱ्हाईक नावानं आठवतं." मग तिचा फोटो मागितला होता का? "छे, ती ओळखीनं आली." ओळख नसती तर ती या गादीपर्यंत पोचलीच नसती.

(दृश्य : विष्णुदास भावे नाट्यमंदिराचा दर्शनी भाग.)

रूप हेच काम, असाही एक धंदा आहे, आणि तो सांगलीला चांगला ठाऊक आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' इथेच रंगवलं. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं जन्मगाव. त्यांची साडी नेसायची तऱ्हा त्या काळातल्या बायकांनी उचलली. साडीचा एवढा गाजलेला चेहरा एका पुरुषाचा होता! तिथे तिकीटच दिसण्याचं आणि गाण्याचं होतं. साडीच्या दुकानात मात्र पावती साडीची फाडतात.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. ॲबरक्रॉम्बी अँड फिच ही कपड्यांची कंपनी आपल्या सेल्सवाल्यांना 'मॉडेल' म्हणायची आणि दिसण्याचे नियम लावून भरती करायची. काळ्या, लॅटिन आणि आशियाई वंशाच्या उमेदवारांना डावललं जातं, त्यांना मागच्या गोदामात ठेवलं जातं, असा दावा 2003 मध्ये दाखल झाला. पुढच्याच वर्षी कंपनीनं सुमारे 4 कोटी डॉलर मोजून तडजोड केली. हिजाब घालते म्हणून नाकारलेल्या एका मुलीच्या खटल्यात 2015 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी कंपनीच्या विरोधात निकाल दिला.

'गिऱ्हाइकालाच तसं आवडतं' ही सबब तर त्याहून जुनी. प्रवाशांना विमानात बायकाच आवडतात, म्हणून आम्ही पुरुष घेत नाही, असं पॅन ॲम कंपनी म्हणाली होती. 1971 मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं सांगितलं, प्रवाशाच्या आवडीवरून भेदभाव करता येणार नाही.

आपल्याकडे गंमत वेगळीच आहे. घटनेच्या 15 व्या कलमानं धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कुणालाही दुकानात शिरायला मज्जाव करता येत नाही. 'दुकान' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. मात्र नोकरीतल्या समान संधीचं 16 वं कलम सरकारी नोकरीपुरतं. म्हणजे काउंटरच्या अलीकडे उभ्या गिऱ्हाइकामागे घटना उभी आहे, पलीकडच्या मुलीमागे तशी नाही. तिच्यासाठी तुकडे आहेत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार भरतीत बाई म्हणून डावलता येत नाही. दिव्यांगांसाठी 2016 चा कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. पण रंग, उंची, वजन, चेहरा? त्यांचं नाव यात कुठे नाही. फ्रान्सनं 2001 मध्येच शारीरिक रूपावरून भेदभावाला कायद्यानं मनाई केली.

मग मालकानं काहीच मागू नये का? मागावं. स्वच्छ कपडे, कापलेली नखं, बांधलेले केस, दुकानाचा गणवेश, दुकानाच्या खर्चानं. सकाळी घरून निघताना माणसाला जे करता येतं ते मागायला हरकत नाही. जन्मानं मिळालेलं मागू नये. वरच्या फळीपर्यंत हात पोचत नसेल तर स्टूल मिळतं.

आणि स्टुलावरून खुर्ची आठवली. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांना बसायचा हक्क मिळवायला आंदोलन करावं लागलं. 2018 मध्ये कायदा बदलला, 2021 मध्ये तमिळनाडूनं तसाच बदल केला. बसलेली बाई आळशी दिसते म्हणून दिवसभर उभं ठेवायचं, हाही दिसण्याचाच हट्ट. पाय सुजलेली मुलगी हसतमुख राहील, ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते?

(दृश्य : दुकान बंद व्हायची वेळ. मालक गल्ल्यावर.)

शेवटी एका मालकांना आम्ही सुचवलं. फोटोची ओळ काढा, आलेल्या प्रत्येकीला पाव तास गादीवर बसवा, एक अवघड गिऱ्हाईक समोर द्या, मग ठरवा. त्यांनी विचार केला. "पाव तास द्यायला काही नाही. ओळही काढतो. पण शेजारच्यानं ठेवली, तर चांगल्या दिसणाऱ्या सगळ्या त्याच्याकडे जाणार, आणि गिऱ्हाईकही तिकडे जाईल याची मला धास्ती." मग सगळ्यांनी एकदम काढली तर? व्यापाऱ्यांच्या बैठकीत विषय ठेवाल? ते म्हणाले, "ठेवतो. पण दिवाळीनंतर."

भरती दिवाळीच्या आधीच असते.