दोन डाव्या बाह्या

नमस्कार, श्रोतेहो.

लालबागच्या आमच्या चाळीत ब्लाउज शिवायचा म्हटला की बायका आमच्याच दाराशी येणार, हे गेली ३५ वर्षं ठरलेलं. मापं हिच्या वहीत असतात, पण वही उघडायची वेळ क्वचित यायची. कोणाचा खांदा उतरता, कोणाचा उजवा दंड जरा जाड, हिला सगळं तोंडपाठ. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर शेजारच्या वहिनी नवा ब्लाउज घालून बघायला लागल्या, तर हात काही नीट बसेना. पाहिलं तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. हिनं हसण्यावारी नेलं. रात्री उरलेल्या कापडातून नव्यानं बाही कापली. सकाळी बघतो, तर तीही डावीच.

पुढचे चार महिने डॉक्टर आणि तपासण्या. कंबरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं, त्यात अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची खूण मिळाली. अल्झायमर, सुरुवातीचा टप्पा. हिचं वय ६६. विस्मरणावरची डोनेपेझिलची गोळी तेव्हाच सुरू झाली. मग डॉक्टरांनी शिरेतून द्यायच्या नव्या औषधांचं नाव काढलं आणि घरात सगळ्यांच्या बोलण्याला एकदम उभारी आली. मुलगा तर म्हणाला, "बाबा, विचार कसला करताय?"

मी जन्मभर बँकेत हिशेब तपासले. विचार न करता सही करणं मला जमत नाही.

औषधं दोन आहेत. लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. मेंदूत या अमायलॉइडची पुटं साचतात, ती ही औषधं काढून टाकतात. पुटं निघतात, यात वाद नाही. पण पुटं निघाली म्हणून माणसाला किती फरक पडतो, मला तेवढंच हवं होतं. लेकॅनेमॅबची मोठी चाचणी १८ महिन्यांची होती, सुमारे १,८०० जणांवर. आजार मोजायचा तक्ता १८ गुणांचा, गुण वाढले की माणूस खालावला. औषधाविना १.६६ गुण वाढले, औषधानं १.२१. फरक ०.४५. हाच फरक छापून येतो तेव्हा "घसरण २७ टक्क्यांनी मंदावली" असा येतो. दोन्ही आकडे खरेच, पण ऐकायला एक केवढा मोठा वाटतो बघा! मी कागदावर त्रैराशिक मांडलं. दीड वर्षाच्या घसरणीतले जेमतेम पाच महिने वाचतात. पाच महिने म्हणजे एक गणपती पदरात पडला तर पडला.

खर्चाचं सांगतो. लेकॅनेमॅबची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे २० लाखांच्या वर. दर १५ दिवसांनी तासभर सुई. सुरुवातीच्या महिन्यांत ठरावीक डोसांआधी पुन्हा पुन्हा एमआरआय. डोनानेमॅब महिन्यातून एकदाच घ्यायचं आणि पुटं गेली की थांबवता येतं, हे मला आवडलं होतं. पण त्यात मेंदूला सूज येण्याचं प्रमाण जास्त, चाचणीत साधारण २४ टक्के. लेकॅनेमॅबचं १२.६.

ही सूज बहुतेकांना जाणवतही नाही, एमआरआयमध्येच दिसते. मात्र काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो, आणि मृत्यूही झालेले आहेत. धोका कोणाला जास्त, ते एपीओई नावाच्या जनुकावरून कळतं. त्याचा चार नंबरचा प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असेल, तर लेकॅनेमॅबनं सूज येण्याचं प्रमाण ३२.६ टक्के. एकाकडूनच आला असेल तर १०.९. या तपासणीला मी आठवडाभर कां कूं करत होतो. आईचं उत्तर कळलं की मुलांनाही आपल्याबद्दल काहीतरी कळतं, ते न मागता. शेवटी मुलीनं ठणकावलं, "आमची काळजी नका करू." हिचा एकच निघाला.

आणखी एक गोष्ट, ती मला डॉक्टरांना खोदून खोदून विचारल्यावर कळली. सूज आली तर लक्षणं अर्धांगवायूच्या झटक्यासारखी दिसू शकतात. अशा वेळी कॅज्युअल्टीत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणजे औषध सुरू केलं तर हिच्या पर्समध्ये कायम चिठ्ठी हवी, आणि मी सोबत नसलो तर ती चिठ्ठी बोलली पाहिजे.

एवढं सगळं मी आणि मुलं बोलत होतो. हिच्यासमोर, पण हिला वगळून. गेल्या भेटीत हिनंच डॉक्टरांना विचारलं, "मला बाह्या परत बरोबर कापता येतील का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही, वहिनी. गेलेलं परत येत नाही. आहे ते जरा जास्त टिकेल."

घरी आल्यावर हिनं मापांची वही काढली. मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं: एमआरआयमध्ये रक्ताचे ठिपके चारपेक्षा जास्त असले तर नको. औषधाच्या खर्चासाठी गाळा विकायचा नाही. सुई घेताना हे सोबत पाहिजेत. खाली तारीख घातली, सही केली, आणि मला म्हणाली, "अहो, उद्या मी वेगळं काही बोलायला लागले, तर हे पान धरायचं."

गाळ्याबद्दल मी वाद घालणार होतो. घातला नाही.

परवा एमआरआय झाला. अंगावर धातू चालत नाही, म्हणून निघायच्या आधी हिनं बांगड्या, मंगळसूत्र उतरवून माझ्या हातात दिलं. मग पदर चाचपायला लागली. शिवणाऱ्या बाईची सवय, टाचण्या पदराला टोचलेल्या. एक एक काढून माझ्या तळहातावर ठेवत गेली. सात निघाल्या. "आठ होत्या," ती म्हणाली. मी म्हटलं, विसरली असशील. तिनं ऐकलं नाही. आठवी निरीच्या काठात सापडली.

रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे.

नमस्कार.