मिलिटरी बोलवा म्हणण्याआधी

मंडळी, कुठं दगडफेक झाली की आपल्याकडं पहिलं वाक्य हेच निघतं, शहर मिलिटरीच्या ताब्यात द्या, एका दिवसात सगळे सरळ होतील. बेळगावात तर हे जरा जास्तच, कारण १९२२ पासून मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर, आपल्या इथं आहे, येळ्ळूर, कडोली, खानापूर भागात घरटी नसला तरी गल्लीला एक फौजी निघतोच आणि लोकांचा त्याच्यावर पोलिसापेक्षा जास्त भरवसा असतो. मी त्याच सेंटरमधून बाहेर पडलेला शिपाई, या भरवशाची मला किंमत आहे, आणि तरीही सांगतो की शहराचा रोजचा बंदोबस्त फौजेला देऊ नका.

आम्हाला दंगलीचं पण ड्रिल शिकवायचे. सोबत मॅजिस्ट्रेट पाहिजे, बिगुल वाजणार, लोकांना कळेल अशा भाषेतला बॅनर उघडणार, इशारा देणार, आणि एवढं करून जमाव हटला नाही तर ऑफिसर एकाच जवानाचं नाव घेऊन सांगणार, अमक्या माणसावर, गुडघ्याच्या खाली, एक राउंड. हवेत गोळी मारायची नाही, कारण ती कुणाच्या तरी गच्चीवर पडते. नंतर रिकामी काडतुसं मोजून गोळा करायची. एका गोळीच्या मागं एवढा हिशोब का, तर फौजेचं सगळं बाकीचं शिक्षण याच्या उलट आहे. समोरचा शत्रू, त्याला संपव आणि पुढं हो. पंचवीस-सव्वीस वर्षाच्या पोराच्या अंगात हे एकदा मुरलं की खडेबाजारात गर्दीच्या वेळी उभं करून त्याला म्हणायचं, आता यातला गुंड कोण आणि दूध आणायला आलेला कोण ते ओळख, हे त्याच्यावर पण अन्याय आहे आणि लोकांवर पण.

कायद्यात सुद्धा हीच क्रमवारी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ आधी पोलिसांना पुढं करतं, त्यानं भागलं नाही तर १४९ खाली मॅजिस्ट्रेट फौजेला सांगू शकतो, आणि तिथं पण स्पष्ट लिहिलंय की बळ आणि इजा कमीत कमी. म्हणजे फौज हा शेवटचा उपाय आहे, काम झालं की बॅरेकमध्ये परत.

आता तुम्ही म्हणाल, मग अतिरेकी आले तर? २६/११ ला ताजमध्ये पहिल्यांदा नेव्हीचे मार्कोस कमांडो गेले आणि मग एनएसजी, म्हणजे केंद्राची कमांडो फौज, आली, ती सकाळी पोचली. एनएसजीचे मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथंच शहीद झाले. हॉटेलात ओलीस धरलेत, हातात एके-४७, तिथं कमांडोच पाहिजे यात वाद नाही, एनएसजी तर १९८४ साली सुवर्णमंदिरातल्या ब्ल्यू स्टार कारवाईनंतर याच कामासाठी उभी केली आणि तिच्या हल्ला करणाऱ्या तुकडीतली माणसं फौजेतूनच येतात. पण त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर काय झालं बघा, तुकाराम ओंबळे, मुंबई पोलिसातला सहायक फौजदार, त्यानं कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत हाती लागला. जिवंत लागला म्हणून तपास झाला, पंचनामे, साक्षी, खटला, सगळं कोर्टात टिकलं. अतिरेक्याला मारणं हे कामाचं टोक आहे, त्याच्या आधी आणि नंतरचं सगळं पोलिसाचं, कुणाच्या खोलीत नवा भाडेकरू आलाय हे बीटवरच्या हवालदाराला कळतं, सहा महिन्यांसाठी आलेल्या बटालियनला कसं कळणार.

आणि चुकलं तर? ४ डिसेंबर २०२१, नागालँडमधलं ओटिंग. खाणीतलं काम संपवून पिकअपमधून घरी चाललेल्या मजुरांवर फौजेच्या कमांडोंनी अतिरेकी समजून गोळ्या झाडल्या, सहा जण जागीच गेले, नंतर गाव चिडलं आणि आणखी माणसं गेली. अफस्पा, म्हणजे फौजेला विशेष अधिकार देणारा कायदा, तिथं लागू असल्यामुळं केंद्राच्या परवानगीशिवाय खटला चालत नाही आणि ती परवानगी मिळाली नाही. इंग्रजांनी हेच उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात केलं, ३० जानेवारी १९७२ ला मोर्चावर पॅराट्रूपर सोडले, त्या दिवशी १३ मेले, आणि चूक कबूल करायला त्यांच्या पंतप्रधानाला २०१० उजाडलं. अशा घटनेनंतर तिथल्या माणसाला फौजेचा युनिफॉर्म कसा दिसत असेल याचा विचार मला झोपू देत नाही.

पोलीस धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. १ जून १९८६, कन्नडसक्तीच्या विरोधातलं आंदोलन, गोळीबार पोलिसांचाच होता, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक सांगायला उभं आहे. पण म्हणून त्यांना बाजूला करून फौज आणायची? सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये प्रकाश सिंग केसमध्ये सांगितलं, तपास वेगळा करा, बंदोबस्त वेगळा करा, अधिकाऱ्याला मुदतीआधी मर्जीनं हलवू नका. ते नीट केलेलं नाही, आणि मिलिटरी बोलवा हे वाक्य जितकं सोपं होत जातं तितकं सरकारला ते न करणं सोपं जातं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

अग्निवीरांचं पण विचारलंय कुणीतरी चिठ्ठीवर. चार वर्षं करून पोरं परत येणार, त्यांना पोलिसात घ्यावं का. जरूर घ्यावं, शिस्त आहे, अंगात ताकद आहे. फक्त थेट बंदूक देऊन नाक्यावर उभं करू नका, पोलीस ट्रेनिंग पूर्ण द्या, कायदा शिकवा, सुरुवातीला ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला बसवा, मराठी आणि कन्नड दोन्हीत.