हात काढल्यावर भार कुठे असतो?

मंडळी, टेबलावरचा हा जॅक मी मुद्दाम उचलून आणलाय. मागच्यांना नीट दिसत नसेल तर शेवटी पुढे या आणि फिरवून बघा. बिडाचं बूड, त्यातून वर येणारा ५० मिलिमीटर जाडीचा स्क्रू, आणि त्याच्या डोक्यातल्या भोकात घालायचा हा दांडा. स्क्रूला आपल्याकडे मळसूत्र असा जुना, सुंदर शब्द आहे. पण वर्कशॉपमध्ये तो कुणी वापरत नाही, म्हणून मीही आज स्क्रूच म्हणेन.

सुरुवातीला एक प्रश्न. समजा मी तुम्हाला एक यंत्र दिलं आणि सांगितलं, की यात तुम्ही १०० कष्ट घातले तर २६ कामी येतील, बाकीचे ७४ घर्षण खाऊन टाकेल. घ्याल? घेणाऱ्यांनी हात वर करा. एकही नाही. बरं, आता ज्यांच्या मोटारीच्या डिकीत स्क्रूचा जॅक आहे त्यांनी हात वर करा. बघा! थोड्याफार फरकाने तेच यंत्र तुम्ही सगळ्यांनी घेतलंय. (हशा)

माझी तक्रार शिकवण्याबद्दल आहे. स्क्रू जॅकचं गणित यंत्रशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सोडवलेलं असतं. व्यास दिलेला, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दिलेलं, घर्षण गुणांक म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा दिलेला, कार्यक्षमता काढा. उत्तर येतं २६ टक्के. ‘उरलेली ऊर्जा घर्षणात वाया’ असं लिहायचं आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. हा ‘वाया’ शब्द मला गेली कित्येक वर्षं टोचतो. दांड्यावरचा हात काढल्यावर जॅकवरचा दोन टनांचा भार तिथेच कसा थांबला, हे गणितात कुणी विचारतच नाही.

शिकागोचं उदाहरण सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या शहरात पाण्याचा निचराच होत नव्हता, जमीन शेजारच्या मिशिगन तळ्याच्या पातळीला टेकलेली. गटारं घालायची तर रस्ते उंच करावे लागणार, आणि रस्ते उंच केले की इमारती खड्ड्यात जाणार. मग इमारतीच उचलायच्या ठरल्या. १८६० साली लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची अख्खी ओळ, चार-पाच मजली विटा-दगडांची बांधकामं, अंदाजे ३५ हजार टन वजन, पाच दिवसांत ४ फूट ८ इंच वर नेली. आतली दुकानं त्या काळात चालूच होती. हे काम ६०० माणसांनी ६००० स्क्रू जॅक वापरून केलं. लोक या आकड्यांचं कौतुक करून थांबतात. तुम्ही भागाकार करा. एका माणसाच्या वाट्याला दहा जॅक. तो एकावर असताना बाकीचे नऊ? म्हणजे कुठल्याही क्षणी निदान ५४०० जॅकवर कुणाचाही हात नव्हता, आणि त्यांच्यावर माणसांनी भरलेली इमारत उभी होती. ती कुणी धरली होती? त्या ‘वाया’ गेलेल्या घर्षणाने.

आता मला जी गोष्ट खरं तर सांगायची आहे ती सांगतो. थोडी लांबेल.

मी नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. आमच्या कारखान्यात एक मोठा गिअरबॉक्स चार कोपऱ्यांना चार स्क्रू जॅक लावून वर घ्यायचा होता. जॅक कारखान्यातच बनवलेले. काम वेगाने व्हावं म्हणून त्यात दोन सुधारणा केल्या होत्या. पहिली, साध्याऐवजी दुहेरी आट्यांचा स्क्रू, म्हणजे शेजारी शेजारी दोन आटे कापलेले. त्यामुळे एका फेऱ्यात ८ ऐवजी १६ मिलिमीटर उचल. दुसरी, भार जिथे स्क्रूवर टेकतो तिथे थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे भाराचा दाब झेलून सहज फिरणारं बेअरिंग, बसवलं, दांडा हलका फिरावा म्हणून. आणि खरंच हलका फिरत होता. सगळे खूश. मीसुद्धा.

संध्याकाळी गिअरबॉक्स वर घेतला. एक जॅक जरा करकरत होता, म्हणून मदतनिसाने त्याच्या आट्यांवर तेल सोडलं. शेजारच्या शेडमध्ये कंप्रेसर रात्रभर चालायचा, जमिनीला बारीक थरथर असायची. त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सकाळी डायल गेज, म्हणजे बारीक सरक दाखवणारं काट्याचं मापक, बघितलं तर एक कोपरा ९ मिलिमीटर खाली. आमचे मिस्त्री वाकून बघत म्हणाले, “साहेब, हा रात्री बसला.” कुणीही हात न लावता स्क्रू उलटा फिरला होता. नशीब, खाली कुणी नव्हतं.

चौकशी झाली. अहवालात कारण काय लिहिलं? कामगाराने जास्त तेल घातलं.

तो अहवाल मी वाचला तेव्हा संताप आला, आणि आजही येतो. मिस्त्री एवढंच म्हणाले, “तेल घातल्यावर बिघडतं ते यंत्र कसलं?” पोलादावर पोलाद किंवा पितळ घासतं तिथे तेल घालायचंच असतं. त्या पोराने बरोबर केलं होतं. चूक कागदावर झाली होती, ती त्याच्या माथी मारली.

कागदावर काय झालं ते अंशांत सांगतो. आटा म्हणजे स्क्रूच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली उतरण, डोंगराभोवती घाट वळसे घेत चढतो तशी. टेबलावरच्या या साध्या स्क्रूच्या उतरणीचा कोन ३.२ अंश. कोरड्या पोलादाचा घर्षण गुणांक ०.१५ धरला तर घर्षणाचा कोन, म्हणजे ज्या उतारावर वस्तू जेमतेम अडून राहते तो, साडेआठ अंश. उतरण घर्षणाच्या कोनापेक्षा कमी असेल तोवर भार आपणहून घसरत नाही. सेल्फ-लॉकिंग म्हणतात ते हेच. इथे दोन्हींत भरपूर अंतर आहे. दुहेरी आट्यांमुळे उतरण झाली ६.३ अंश. कोरडी असताना अजूनही अडून राहील. तेल पडलं की घर्षणाचा कोन साधारण ६ ते ७ अंशांवर येतो. म्हणजे जॅक अगदी काठावर उभा. थ्रस्ट बेअरिंग बसवून भाराखालचं घर्षण, जे एरवी स्क्रूला मागे फिरू देत नाही, तेही आपणच काढून टाकलं होतं. उरली कंप्रेसरची थरथर. ती रात्रभर त्याला केसाकेसाने खाली सरकवत राहिली.

यात भाराचा आकडा कुठे आला? कुठेच नाही. १६९९ मध्ये आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं आणि १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात कूलों या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पक्कं केलं, की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं. भार वाढला की खाली ढकलणारा जोर वाढतो आणि धरून ठेवणारं घर्षणही तितकंच वाढतं. म्हणून जो स्क्रू २ टनांखाली घसरत नाही तो २० टनांखालीही घसरणार नाही. त्याआधी मोडेल, ते वेगळं. आणि जो २० टनांखाली घसरतो तो २ टनांखालीही घसरेल. मला हे यंत्रशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं, आणि यावर तासभर…

अध्यक्षांची चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं उरलीत. पत्रिकेवर छापलेला विषय, ‘कार्यक्षमता आणि निवड’, अजून सुरूच झालेला नाही. भराभर सांगतो.

कार्यक्षमता. भार आपणहून खाली येत नाही, याचा अर्थ तो एक फेरा खाली येताना जेवढं काम देऊ शकतो त्याहून जास्त काम घर्षण खातं. चढताना घर्षण निदान तेवढंच असतं. म्हणजे वर नेताना तुम्ही भाराचं काम करता आणि त्याहून जास्त घर्षणाचं करता. एकूण कष्ट दुपटीहून अधिक. म्हणून घर्षणाने अडून राहणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आतच असते, कितीही चांगला बनवा. टेबलावरच्या स्क्रूचे २६ टक्के नुसत्या आट्यांचे आहेत. डोक्याचं, म्हणजे भार टेकतो तिथलं, घर्षण धरलं तर २० च्याही खाली. तरी ५०० मिलिमीटरच्या दांड्यावर हात ३१४० मिलिमीटर फिरतो तेव्हा भार ८ मिलिमीटर चढतो, त्यामुळे २ टनांना तीसेक किलोचा जोर पुरतो.

निवड. ‘किती टन’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, हात काढल्यावर भार कशावर आहे? एकेरी आट्यांचा स्क्रू असेल तर आट्यांच्या घर्षणावर. रॅचेटच्या जॅकमध्ये दातात अडकलेल्या खिटीवर; तिथे तेलाचं भय नाही, पण दात झिजलेला नाही ना हे बघा, आणि उतरवताना दांड्याच्या वाटेत डोकं आणू नका, तो उसळतो. हायड्रॉलिकमध्ये भार तेलावर, म्हणजे एका व्हॉल्व्हवर आणि सीलवर. तो उचलायला उत्तम, धरून ठेवायला नाही. लॉक नट, म्हणजे भार थेट पेलणारा नट, असलेला घ्या आणि नट टेकवल्याशिवाय हलू नका. बॉल स्क्रू, म्हणजे आट्यांत पोलादी गोळ्या फिरणारा स्क्रू, ९० टक्क्यांपर्यंत कार्यक्षम, म्हणूनच तो काहीच धरत नाही, त्याला ब्रेक हवाच. वर्म गिअर, म्हणजे स्क्रूने दातेरी चाक फिरवणारी जोडी, अडून राहतो असं सरसकट सांगतात. त्याचाही कोन विचारा, आणि जवळ थरथर असेल तर त्याच्यावरही विसंबू नका. जॅक कुठलाही असो, माणूस खाली जाणार असेल तर आधी ठोकळे किंवा स्टँड लावून भार त्यांच्यावर टेकवायचा.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. पिशवीत मी दुहेरी आट्यांचा एक स्क्रू, त्याचा नट, तेलाची बाटली आणि छोटी हातोडी आणलीये. पुढे या. स्क्रू उभा धरा, नट वर चढवा, तळव्याने खाली दाबा. कोरडा असताना हलणार नाही. मग तेल सोडा, दाब तसाच ठेवा आणि दुसऱ्याला हातोडीने स्क्रूवर हलकेच टकटक करायला सांगा.