भाचीचा पंप आणि एलबीएस रोड

सकाळचे पावणेसात. मुलुंडचा एलबीएस रोड. ही माझी भाची, आठ वर्षांची, पाठीवर दप्तर, गळ्यात वॉटरबॅग आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात तिचा दम्याचा पंप. घरातून निघायच्या आधी स्पेसर, म्हणजे औषध नीट आत जावं म्हणून पंपाला जोडायची नळी, लावून पंप घेऊन झालाय, आजी समोर बसून दहापर्यंत आकडे मोजते आणि तोवर हिने श्वास धरून ठेवायचा. मग श्वासाचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकायचं, लाल काटा कुठवर सरकला ते वहीत लिहायचं. ही वही बघा. डिसेंबर-जानेवारीची पानं काढली की आकडे खाली आलेले दिसतात, कारण थंडीत मुंबईवरची हवा हलत नाही, धूर खालीच बसून राहतो.

आता कॅमेरा मुद्दाम खाली घेतलाय, तिच्या तोंडाच्या उंचीला. समोर सिग्नलला टेम्पो उभाय, इंजिन चालूच, आणि सायलेन्सरमधून जे बाहेर पडतंय ते आपल्या कमरेवर येतं, तिच्या मात्र थेट नाकावर. त्यात लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, वजनाच्या मानाने जास्त हवा आत जाते, आणि फुप्फुस तर अजून वाढतंच असतं. या वयात वाढ खुंटली तर ती पुढे भरून निघणं कठीण. आम्ही घरचे खूप दिवस समजत होतो की हिला बाधतं ते थंड पाणी, आइस्क्रीम. रस्त्याकडे आमचं लक्षच नव्हतं.

पण रस्त्यावरचा धूर कमी झाला की पोरांची छाती सुधारते का? सुधारते, आणि हे मोजून झालंय. दक्षिण कॅलिफोर्नियात 1994 ते 2011 या काळात मुलांच्या तीन तुकड्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं तपासली, दोन हजारांवर मुलं, वय अकरा ते पंधरा. त्याच वर्षांत तिथे गाड्यांचे आणि इंधनाचे नियम कडक होत गेले, हवा सुधारत गेली. पहिल्या तुकडीत पंधराव्या वर्षी ज्यांचं फुप्फुस चिंता वाटावी इतकं कमी चालत होतं अशी मुलं जवळपास 8 टक्के होती, शेवटच्या तुकडीत साडेतीनच्या आसपास. दमा असलेल्या मुलांनाही फायदा झाला, हे वाचलं तेव्हा मी वही उघडून परत एकदा सगळे आकडे बघितले.

दुसरं उदाहरण तर टोलनाक्याचं, मुलुंडकरांना लगेच कळेल. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात गाडी न थांबवता टोल भरायची सोय आली, गाड्यांचं थांबणं, धूर सोडत उभं राहणं, परत रेस करणं कमी झालं, आणि नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांची बाळं वेळेआधी जन्मण्याचं प्रमाण सुमारे 11 टक्क्यांनी घटलं. नुसती रांग गेली म्हणून! आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा बोलणं झालं ते फक्त पैशांचं, नाक्याजवळ राहणाऱ्या बाळांचं नाव कोणी काढलंच नाही.

लंडनचंही सांगायला हवं, कारण तिथे आधी अर्धवटच जमलं. जुन्या अवजड डिझेल गाड्यांवर निर्बंध आणले, हवा थोडी सुधारली, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या फुप्फुसात फरक दिसला नाही. मग 2019 पासून नियम आणखी कडक केले. थोडंसं करून भागत नाही ते असं.

मुंबईने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. शिशाचं पेट्रोल 2000 साली गेलं, टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या, एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचा कडक नियम, आला आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर उतरलं. बेस्टची इलेक्ट्रिक डबलडेकर फेब्रुवारी 2023 पासून धावतेय. पण बसच कमी असतील तर? स्टॉपवर ताटकळलेला माणूस शेवटी बाईक घेतो, आणि मे 2025 मध्ये साध्या बसचं किमान तिकीट 5 चं 10 झालं, तो बाईकवाला परत कसा येणार? इलेक्ट्रिक गाडीचेही टायर झिजतात, ब्रेकची धूळ उडते, म्हणून नुसती इंजिनं बदलून चालणार नाही, रस्त्यावरच्या गाड्याच कमी व्हायला पाहिजेत. माझं मागणं साधं आहे, भरपूर बस, स्वस्त तिकीट आणि शाळेच्या गेटसमोर चालू इंजिन नको.

भाची स्टॉपवर गाड्या मोजते, हा तिचा खेळ. आज तिने चौतीस बाईक मोजल्या, अकरा टेम्पो, एक डंपर. डंपर गेला तेव्हा ओढणी तोंडावर धरली, सवयच झालीय. बस आली सात वाजून दहा मिनिटांनी, इलेक्ट्रिक, आवाज न करता येऊन उभी राहिली, आणि ही पळत जाऊन खिडकी पकडून बसली.