खाते क्रमांक आपल्या पडद्यावर दिसतोय

(दृश्य : गिरगाव, रात्रीचे नऊ. चाळीची गॅलरी. उघड्या दारांतून टीव्हीचे आवाज, एका मालिकेत दुसरी मिसळलेली.)

ऑगस्ट २०१९. पंचगंगा आणि कृष्णा पात्र सोडून कोल्हापूर-सांगलीच्या घराघरांत शिरल्या होत्या, आणि मुंबईत टीव्ही लावला की दुसरं काही दिसत नव्हतं. छपरावर अडकलेली माणसं, एनडीआरएफच्या बोटी, दाव्याला बांधलेली गुरं. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा जेवता जेवता हात थांबले. खालच्या पट्टीवर मुख्यमंत्री सहायता निधीचा खाते क्रमांक सरकत होता आणि निवेदक सांगत होते, मदतीचा ओघ सुरू झालाय.

ओघ खरोखरच सुरू झाला होता. गणपती जेमतेम तीन-चार आठवड्यांवर होते. अनेक मंडळांनी सजावटीचा खर्च आवरता घेतला. नाक्यानाक्यावर टेबलं लागली, टेम्पो भरले. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, सॅनिटरी पॅड, मेणबत्त्या. गिरणगावात घाटावरची माणसं काही कमी नाहीत. ज्यांच्या मामाचं घर पाण्यात होतं, त्यांना आवाहनाची गरजच नव्हती.

मग चार-आठ दिवसांनी त्याच टीव्हीवर आणखी दोन गोष्टी दिसल्या. रस्त्याच्या कडेला पडलेले जुन्या, फाटक्या, कुणीच न उचललेल्या कपड्यांचे ढीग. आणि धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोंचे स्टिकर. पुढच्या आवाहनाच्या वेळी मुंबईकर खिशात हात घालताना का थबकतो, याचं अर्धं उत्तर त्या दोन दृश्यांत आहे.

(दृश्य : दादर स्टेशन, पुलावरची गर्दी. काही चेहरे कॅमेऱ्याकडे बघतात, बहुतेक बघत नाहीत.)

टीव्हीवर मदतीचं आवाहन लागलं की तुम्ही काय करता, असं दादरच्या पुलावर कुणालाही विचारा. पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा प्रश्नाचीच असते : पैसे पोचतात का हो? त्याच्या पाठोपाठ दुसरा : तो नट एवढं कळकळीने सांगतोय, स्वतः किती देतोय? आणि मग मान हलवून, सगळं टीआरपीसाठी. यातलं तिसरं वाक्य उगीच आलेलं नाही. गाण्याच्या स्पर्धेत स्पर्धकाच्या गळ्याआधी त्याच्या घराचं गळकं छप्पर दाखवायचं, मागे सारंगी लावायची आणि परीक्षकांच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखायचा, हे बघून बघून प्रेक्षक तयार झालाय. खरं रडणंसुद्धा आता त्याला संपादित वाटतं.

पण याच माणसाच्या घरात पावत्यांचा गठ्ठा सापडतो. मुंबईतला मराठी माणूस देतो, आणि बरंच देतो. फक्त कुणाला देतोय ते त्याला ठाऊक असावं लागतं. वर्गणीचं पावती पुस्तक घ्या. डाव्या कोपऱ्यात गणपती, वर नोंदणी क्रमांक, खाली कार्बनमधून उमटलेली रक्कम आणि खजिनदाराची सही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी गोळा करायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. ही कलमं चाळीत कुणी वाचलेली नसतात. पण वर्गणी मागायला आलेला पोरगा तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंचा आहे, एवढं पुरतं. हिशेब चुकला तर दाद कुठे मागायची, ते माहीत असतं. जिन्यात.

पावती पुस्तकाचा नवा अवतार व्हॉट्सॲपवर आहे. सोसायटीच्या वॉचमनला अपघात झाला, ॲडमिशन झालंय, डिपॉझिट भरायचंय. कुणीतरी यादी सुरू करतं. एक, बी विंग दोनशे चार, पाचशे रुपये. पुढचा ती यादी कॉपी करतो, आपलं नाव खाली जोडतो, पुन्हा टाकतो. तासाभरात यादी वीस-पंचवीस नावांवर जाते. शेवटी बिलाचा फोटो येतो, उरलेले पैसे वॉचमनच्या बायकोला दिल्याचा निरोप येतो, आणि ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. या सगळ्यात लाज आहे, चढाओढ आहे, शेजारच्याने हजार दिले तर आपण दोनशे कसे टाकायचे हा पेचही आहे. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. इथे पूर्ण बी विंगला कळतं, आणि म्हणूनच काम होतं.

(दृश्य : जुन्या नाटकाच्या जाहिराती, वर्तमानपत्रांची कात्रणं.)

करमणुकीतून मदत उभी करणं ही काही टीव्हीची देणगी नाही. मदतीचा प्रयोग मराठी रंगभूमीला फार जुना. शाळेच्या इमारतीसाठी, वाचनालयासाठी, आजारी कलावंतासाठी. तिकीट नेहमीपेक्षा महाग, पण नाटक पदरात पडायचं आणि कशाला दिलं तेही कळायचं.

पश्चिमेत टीव्हीने या प्रकाराला अजस्र रूप दिलं. अमेरिकेत विनोदी नट जेरी लुईस १९६६ पासून २०१० पर्यंत दरवर्षी स्नायूंच्या आजारांसाठी टेलिथॉन, म्हणजे तासन्‌तास चालणारा निधी गोळा करायचा टीव्ही कार्यक्रम, करत होते. आकडा वर चढताना दिसायचा, मुलं व्हीलचेअरवरून मंचावर यायची. त्यातलीच काही मुलं मोठी झाली आणि १९९० च्या दशकात त्या कार्यक्रमाविरुद्ध उभी राहिली. आम्हाला पैशासाठी केविलवाणं दाखवू नका, रॅम्प द्या, नोकऱ्या द्या, असं त्यांचं म्हणणं. लंडनमध्ये १९९२ साली आयटीव्ही या वाहिनीच्या टेलिथॉनच्या वेळी अपंगांनी स्टुडिओबाहेर निदर्शनं केली. त्यानंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही. पैसे देणाऱ्याच्या शंकेबद्दल आपण बरंच बोलतो. ज्याच्या नावाने मागितले जातात, त्याचा संताप आपल्याकडे अजून फारसा ऐकलेला नाही. बाबा आमट्यांनी आनंदवनात आयुष्यभर हेच सांगितलं होतं, दानाने माणूस पंगू होतो, कामाने उभा राहतो. त्यांना आपण आदराने हार घातले.

आपल्याकडे गाजलेला प्रयत्न २०१२ च्या मे महिन्यातला. आमिर खानचा ‘सत्यमेव जयते’ रविवारी सकाळी अकराला, स्टार प्लसबरोबर दूरदर्शनवरही. भागागणिक एखाद्या संस्थेची ओळख, तिच्यासाठी आवाहन, आणि प्रेक्षकांनी दिलेल्या रकमेइतकीच भर रिलायन्स फाउंडेशनची. लोकांनी पैसे दिले, आणि बरोबरीने वादही घातले. उद्योगपतीला द्यायचेच आहेत तर आमच्या रुपयाची वाट कशाला बघायची? हा प्रश्न तेव्हा लोकलच्या डब्यात ऐकू यायचा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही.

पण मराठी प्रेक्षक आवाहनापेक्षा कृतीवर भाळतो, असं पुढच्या वर्षांत दिसलं. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले. खुर्चीवर बसलेल्या विधवा, समोर वाकलेला नाना, हे बातम्यांत दिसलं आणि लोक आपणहून विचारू लागले, आम्ही कुठे द्यायचे? त्यातून ‘नाम’ फाउंडेशन उभं राहिलं. आणि गावोगावी पाणी अडवण्याचं काम करणाऱ्या पानी फाउंडेशनच्या ‘तुफान आलंया’ या कार्यक्रमाने तर झी मराठीवरून पैशांऐवजी घाम मागितला. १ मे २०१८ ला महाश्रमदानासाठी मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीच्या दिवशी दुष्काळी गावांत गेली. ज्यांनी घरी कधी बादली उचलली नाही, ते रांगेत उभे राहून घमेली पुढे सरकवत होते. फोड आलेले तळहात हीच पावती होती, आणि तिच्यावर कुणी शंका घेत नाही.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. जाहिरात सुरू होते, एक अंगठा कोपऱ्यातल्या बटणावर वाट बघतोय.)

आता आवाहन टीव्हीवरून हातात आलंय. यूट्यूबवर रेसिपी बघायला जावं तर आधी नळ्या लावलेलं तान्हं बाळ, हुंदके देणारी आई आणि ‘वेळ फार थोडा आहे’. लोकनिधी गोळा करणारी संकेतस्थळं, त्यांतली काही मुंबईतलीच, गेली दहा-बारा वर्षं हे काम करताहेत. त्यांच्यामुळे खरोखरची ऑपरेशनं झालीत. तरीही पाच सेकंद मोजून बटण दाबणाऱ्या अंगठ्याला आपण निर्दय म्हणणार का? दिवसातून चार वेळा तोच हुंदका ऐकल्यावर भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत होते. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ॲस्की ही मुंबईतली संस्था. मदत न करणाऱ्याला शरम वाटेल अशी भाषा वापरू नका, पीडितांची, विशेषतः मुलांची प्रतिष्ठा घालवणारी दृश्यं दाखवू नका, आणि पैसा त्याच रुग्णासाठी की संस्थेसाठी ते स्पष्ट सांगा, असं तिने धर्मादाय जाहिरातींना बजावलंय.

एकाच मुलाचा चेहरा का दाखवतात, त्याला मात्र कारण आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, तर त्यांनी सढळ हाताने दिलं. लाखो उपाशी माणसांचे आकडे सांगितले, तर कमी. आणि रोकियाबरोबर आकडेही दिले, तर रोकियाचेही कमी झाले! जाहिरातवाल्यांनी हा धडा पाठ केलाय. तेव्हा दोष एकट्या त्यांचा नाही, आपलं काळीजच तसं चालतं.

आणि आपल्या संशयात थोडी सोयही असते. ‘पोचतात की नाही कुणास ठाऊक’ म्हटलं की खिसा सुरक्षित. सोसायटीच्या वॉचमनला बी विंग आहे. ज्याचं मुंबईत कुणीच नाही, त्याची यादी कोण सुरू करणार?

(दृश्य : परळ, जेरबाई वाडिया रोड. फुटपाथवर ताडपत्री, स्टोव्ह, औषधांच्या पिशव्या, एक्स-रेची पाकिटं.)

टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ चं. केईएम, वाडिया, टाटा, सगळी हाकेच्या अंतरावर. देशभरातली माणसं इथे उतरतात. नाना पालकर स्मृती समितीत किंवा दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर हा फुटपाथ.

इथल्या जवळपास प्रत्येक कुटुंबाकडे एक प्लास्टिकची फाइल असते, बटण लावायची. ती उघडून बघण्यासारखी आहे. वर हॉस्पिटलच्या शिक्क्याचा खर्चाचा अंदाज. खाली रेशन कार्डाच्या प्रती, पिवळं की केशरी यावर बरंच ठरतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी कुणीतरी गावी परत जाऊन आलेलं असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आजार बसला तर प्रश्नच मिटला. नाही बसला तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाचा अर्ज, एखाद्या ट्रस्टचं पत्र. समाजसेवा विभागातल्या ताई कुठला कागद कुठे लावायचा ते सांगतात, आणि कुठला कागद कमी आहे तेही. एकीकडून वीस हजार, दुसरीकडून दहा. मुख्यमंत्री निधीचे पैसे रुग्णाच्या हातात येत नाहीत, थेट हॉस्पिटलच्या खात्यात जमा होतात.

आणखी एक गोष्ट, जी हुंदक्याच्या जाहिरातीत क्वचित ऐकू येते. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना, त्यांत मुंबईतली काही पंचतारांकित वाटणारीही आली, १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. पंधरा लाखांचं आवाहन पडद्यावर आलं की परळचा अनुभवी माणूस आधी हेच विचारतो : धर्मादाय खाटेसाठी अर्ज केला होता का? उत्तर ‘केला होता, मिळाली नाही’ असं असेल, तर ती बातमी आवाहनापेक्षा मोठी आहे.

पडद्यावर डोळे दिसतात, ही फाइल दिसत नाही. दाखवली असती तर किती लागतात, किती जमले, कुठे अडलंय हे कळलं असतं.

छापील पत्रकारितेला यातली एक वाट सापडली आहे. ‘लोकसत्ता’ २०११ पासून दर गणेशोत्सवात दहा संस्थांची सविस्तर ओळख करून देतं, ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या नावाने. वाचक धनादेश वर्तमानपत्राच्या नाही, संस्थेच्या नावाने काढतात. मधला माणूस पैशाला हात लावत नाही म्हटल्यावर अर्धी शंका तिथेच विरते.

(दृश्य : लालबाग. मोठ्या टेबलांभोवती बसलेली माणसं, नोटांच्या गड्ड्या, नाण्यांचे ढीग.)

टीव्हीला हे जमणार नाही, असं अजिबात नाही. लालबागच्या राजाची दानपेटी उघडली की मराठी वाहिन्यांचे कॅमेरे तिथे हजर. नोटा सरळ करणं, गड्ड्या बांधणं, सोन्याच्या वस्तूंचं वजन, सगळं साऱ्या महाराष्ट्रासमोर. नंतर दागिन्यांचा लिलाव, तोही दाखवतात. नवस, श्रद्धा हा वेगळा विषय. पण पैसा आला तो मोजताना दिसला, एवढं घरबसल्या कळतं.

पुराचं किंवा दुष्काळाचं आवाहन करणाऱ्या वाहिनीने एवढंच करावं. वर्ष झालं की त्याच वेळेला, त्याच निवेदकाने यावं आणि किती आले, कुणाला गेले, किती पडून आहेत ते कागद समोर धरून वाचावं. पाकिटांवर स्टिकर कुणाचे होते तेही सांगावं. असल्या कार्यक्रमाला प्रेक्षक कुठून आणायचा, असं वाहिन्यांचे लोक म्हणतील. पण मोजणी बघायचा मराठी माणसाला कंटाळा येत नाही, हे दर गणपतीत त्यांनी स्वतःच दाखवून दिलंय.