तक्रार वर्षानुवर्षं कुठे अडकते?

नमस्कार श्रोतेहो. अमेरिका खंडातल्या एखाद्या देशाने हक्क पायदळी तुडवले आणि तिथल्या कोर्टांत दाद लागली नाही, तर वॉशिंग्टनच्या आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसांनाही ही सोय आहे. मात्र त्या दोन देशांनी मूळ करार, म्हणजे अमेरिकी मानवाधिकार करार, मान्य केलेला नसल्याने त्यांच्याविरुद्धचं प्रकरण पुढे कोस्टा रिकातल्या सान होसेच्या आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात जात नाही.

मुदत 6 महिन्यांची. ती मोजायची देशातला अंतिम निकाल तक्रारदाराला कळवला गेल्याच्या तारखेपासून. निकालाचा लिफाफा आणि पोच म्हणूनच टाकून देऊ नये.

देशातला खटलाच संपत नसेल तर? करारातल्या 46व्या कलमात सूट आहे: विलंब अवाजवी असेल तर निकालासाठी थांबावं लागत नाही. ब्राझीलच्या मारिया दा पेन्हा यांना 1983 साली नवऱ्याने गोळी घातली. 15 वर्षं उलटूनही अंतिम निकाल नव्हता. 1998 साली तक्रार आयोगाकडे गेली आणि ही सूट लागू झाली. पण ‘खटला रेंगाळलाय’ एवढ्यावर भागत नाही. कोणता अर्ज कधी दिला, सुनावणी कोणाच्या मागणीवरून तहकूब झाली, पुढची तारीख किती महिन्यांनी पडली, याचा तारीखवार तक्ता जोडावा.

आता आयोगातला वेळ. दाखलपात्रतेवर, म्हणजे तक्रार विचारात घेण्याजोगी आहे का यावर, उत्तर द्यायला सरकारला 3 महिने, मुदतवाढ धरून 4. मग गुणवत्तेवर, म्हणजे हक्कभंग खरंच झाला का यावर, आधी तक्रारदाराला आणि नंतर सरकारला 4-4 महिने, फार तर 6-6. सगळं ताणूनही बेरीज 16 महिने! वर्षं जातात ती या मुदतींच्या मधल्या फटींत. प्राथमिक छाननी किती दिवसांत उरकायची आणि अहवाल कधी द्यायचा, याला नियमांत ठरावीक तारीखच नाही. घड्याळ पक्षकारांवर चालतं, आयोगावर नाही. 2016 साली आयोगाने ठराव करून काही जुन्या प्रकरणांत दाखलपात्रता आणि गुणवत्ता एकत्र तपासायला घेतली. त्याने एक टप्पा वाचला, पण प्राथमिक छाननीचा टप्पा त्यात येत नव्हता.

सरकार गप्प बसलं तर घाबरू नये. उत्तर आलं नाही आणि विरुद्ध पुरावाही नसला, तर आयोग तक्रारीतली हकिगत खरी धरू शकतो. मारिया यांच्या प्रकरणात ब्राझीलने उत्तरच दिलं नाही. 2001 साली अहवाल त्याच्याविरुद्ध गेला.

तक्रारदाराचं गप्प बसणं मात्र महागात पडतं. पत्ता किंवा ईमेल बदलला, आयोगाची विचारणा जुन्या पत्त्यावर गेली, उत्तर आलं नाही, की रस उरला नाही असं समजून प्रकरण दप्तरी दाखल होऊ शकतं. म्हणून बदल त्याच दिवशी कळवावा, प्रकरणाचा क्रमांक घालून.

आणि जिवालाच धोका असेल तर या रांगेत उभंच राहू नये. आयोगाच्या नियमावलीतल्या नियम 25 खाली तातडीच्या संरक्षणाचा अर्ज वेगळा करता येतो. मूळ तक्रार दाखल झालेली नसली तरी चालतं.