टाकीत पाणी आहे का? – रस्त्याच्या कामावरची एक रात्र

(दृश्य: अंधार. टँकरचा दिवा. पाण्याचा आवाज.)

रात्रीचे साडेदहा वाजलेत. मुंबई-गोवा महामार्ग, कोलाडच्या पुढे. कामाच्या कडेने अडथळा म्हणून मांडतात त्यातल्या एका प्लॅस्टिकच्या टाकीत टँकरचा पाइप सोडलाय. आत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आधी खळखळ येत होता, आता हळूहळू जाड होत चाललाय. तोंडापर्यंत पाणी आलं की पोरगा झाकण फिरवून घट्ट करतो आणि पाइप पुढच्या टाकीत.

मघाशी टेम्पोतून हीच टाकी दोघांनी हसतखेळत उतरवली होती. आता चौघे लागले तरी ती हलणार नाही. साडेतीनशे लिटर पाणी, म्हणजे साडेतीनशे किलो. नारिंगी-पांढऱ्या रंगाला आपण बॅरियर म्हणतो, पण गाडी अडवायची असेल तर काम हे वजन करतं, रंग नाही.

(दृश्य: दिवसा, दुसरं एक काम. आडव्या पडलेल्या टाक्या.)

हे त्याच आठवड्यात, याच महामार्गावर टिपलेलं. रिकाम्या टाक्या. ट्रक जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने सरकतात. एक तर उलटून लेनमध्येच येऊन पडलीय. कुणीतरी तिच्यावर दगड ठेवून पाहिलेला दिसतो.

पनवेल ते इंदापूर हे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. ज्या मुलांना तेव्हा मांडीवर घेऊन चाकरमानी गणपतीला गावी गेले, ती मुलं आता स्वतः बाइक घेऊन या रस्त्याने जातात आणि 'काम चालू आहे, सावकाश जा' ही पाटी अजून उभी आहे. तात्पुरतं म्हणून मांडलेलं सामान इथे वर्षानुवर्षं उभं राहतं. म्हणूनच 'तात्पुरतंच तर आहे, लावा कसंही' हे आम्हाला अजिबात मान्य नाही, आणि ज्या कामावर ते नीट लावतात तिथे आम्ही एक पूर्ण रात्र थांबलो.

(दृश्य: खड्डा, वरून.)

काम मोरीचं आहे, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या पुलाचं. डावी लेन खणलीय, खड्डा पुरुषभर खोल, तळाशी सळया उभ्या. उजव्या लेनमधून वाहतूक चालू. मधे काय ठेवायचं, हा या रात्रीचा प्रश्न.

शंकू ठेवता येतील. स्वस्त, हलके, एक माणूस दहा उचलतो. शंकू रस्ता दाखवतो. चूक झाली तर गाडी त्याच्यावरून निघून जाते, आणि पलीकडे नुसतं ताजं डांबर असेल तर तेच बरं. पण इथे पलीकडे खड्डा आहे.

शहरात मेट्रोच्या कामाभोवती असतात तसे उंच पत्रे लावता येतील. पत्रा नजर अडवतो. आत काय चाललंय ते बघायला गाड्या थबकत नाहीत, धूळ कमी उडते, माणसं आत शिरत नाहीत. हे सगळं खरं. पण ऐंशीच्या वेगाने आलेल्या गाडीसाठी तो कागद आहे. शिवाय पत्र्यांची रांग जिथे तुटते, म्हणजे गावाचा फाटा, शाळेकडे जाणारी वाट, एसटीचा थांबा, तिथे आतून येणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. अशा तोंडाशी पत्रा कमी उंचीचा किंवा जाळीचा हवा. आणि त्या पत्र्यांचे लोखंडी पाय! ते लेनमध्ये आलेले असतात. चारचाकीला त्यांचं काही वाटत नाही, बाइकचं पुढचं चाक मात्र नेमकं त्यातच अडकतं.

(दृश्य: हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन. साखळीला लटकलेला काँक्रीटचा तुकडा.)

आणि मग हे. हायड्रा येतो तेव्हा साइटवरचे सगळे बाजूला होतात. तीन मीटरचा हा एक तुकडा दीड-दोन टनांच्या घरात जातो.

याचा आकार जरा नीट बघा. वर अरुंद, खाली पसरट, आणि गुडघ्याच्या खाली एक मोड. हा आकार अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला, १९५० च्या दशकातला. तिथल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्यावर काम झालं आणि राज्याच्या नावावरून तो 'जर्सी बॅरियर' झाला. उंची ८१ सेंटिमीटर. खालचा उतार ५५ अंशांचा, वरचा ८४, म्हणजे जवळजवळ उभा. गाडी तिरकी येऊन घासली की आधी टायर त्या खालच्या उतारावर चढतो, गाडी जराशी उचलली जाते, वेग त्या चढण्यात खर्ची पडतो आणि गाडी पुन्हा रस्त्याला समांतर होऊन खाली येते. ही भिंत गाडी थांबवण्यासाठी नाही, वळवण्यासाठी आहे. पुढे लक्षात आलं की छोट्या गाड्या या उतारावर जास्तच चढतात आणि उलटतात. मग तो मोड ३३ सेंटिमीटरवरून साधारण २५ वर आणला गेला. तळाशी दोन खाचा दिसतायत? पावसाचं पाणी निघून जायला. कोकणात या खाचा चिखलाने बुजल्या तर अर्ध्या तासात लेनचं तळं होतं, म्हणून पावसाळ्यात एक माणूस फक्त सळई घेऊन त्या मोकळ्या करत फिरतो.

एवढं चांगलं आहे तर सगळीकडे काँक्रीटच का नाही लावायचं? कारण ते हलवायला हायड्रा लागतो आणि हायड्रासाठी चालू लेनही बंद करावी लागते. चार रात्रींचं काम असेल तर बॅरियर मांडण्यातच दोन रात्री जातील. इथे खड्ड्याच्या तोंडाशी काँक्रीट आणि पुढे-मागे पाण्याच्या टाक्या, असं ठरलं.

टाकीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दिसायला सारख्या दिसणाऱ्या टाक्यांमध्ये दोन जाती असतात. एक आतून लोखंडाने बांधलेली, एकमेकींना पिनांनी जोडलेली, धडकेची चाचणी झालेली. दुसरी नुसता प्लॅस्टिकचा डबा, जो फक्त वाट दाखवण्यापुरता. अमेरिकेतल्या चाचणीत महामार्गावरच्या बॅरियरवर २२७० किलोची पिकअप ताशी १०० किलोमीटरने २५ अंशांत आदळवतात. म्हणून टाकी घेताना किती पैसे हे विचारण्याआधी कोणत्या वेगाला चाचणी झाली ते विचारायचं. चाळीसऐवजी ऐंशीने आलेली गाडी दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा घेऊन येते.

(दृश्य: रात्री साडेअकरा. टेप जमिनीवर. बॅटरीचा उजेड वहीवर.)

आता मांडणी. देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका खास कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी आहे, २०१४ मध्ये ती सुधारून आली. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग सांगितलेत. आधी सूचना, मग लेन बदलण्याची तिरकी जागा, मग काम, मग पुन्हा मूळ लेनवर यायची जागा. पुस्तकात ते एका चित्रात मावतं. इथे ते अंधारात टेप ओढून मोजावं लागतं.

साइट इंजिनिअर मुलगी वहीत हिशेब मांडतेय. अमेरिकी नियमावलीतलं सूत्र तिला पाठ आहे. गाड्या ताशी साठने येत असतील आणि साडेतीन मीटरची लेन मिटवायची असेल, तर तिरकी रेघ किती लांब? साठ गुणिले साठ, गुणिले साडेतीन, भागिले १५५. उत्तर ८१ मीटर. गाड्या ऐंशीने येत असतील तर सूत्र बदलतं आणि हीच रेघ १७५ मीटरांवर जाते. पाटीवर चाळीस लिहिलंय, पण तिने हिशेबात चाळीस धरले नाहीत. अर्धा तास रस्त्याकडेला उभी राहून तिने गाड्या बघितल्या आणि मग आकडा धरला.

"पाटी बघून कोण चालवतं, दादा? आपण गाडी बघून मांडायचं."

(दृश्य: मुकादम पाठीमागून, बॅरियर आणि खड्डा यांच्यामध्ये.)

कॅमेरा इथे मुद्दाम थांबवलाय. मुकादम काका बॅरियरच्या मागे उभे राहून पावलं मोजतायत. टाच, चवडा, टाच, चवडा. बॅरियरच्या पाठीपासून खड्ड्याच्या काठापर्यंत.

जमिनीला न खिळलेला कोणताही बॅरियर धडक बसली की मागे सरकतो. काँक्रीटचासुद्धा. सरकतानाच तो गाडीचा जोर खातो. त्यामुळे पाठीमागे मोकळी जागा हवीच, आणि ती किती हवी हे त्या-त्या बॅरियरच्या चाचणीत मोजलेलं असतं. आपल्याकडे बॅरियर खड्ड्याच्या अगदी काठावर मांडतात, कारण तेवढीच लेन रुंद मिळते. मग धडक बसली की बॅरियर आधी खड्ड्यात जातो आणि गाडी त्याच्यावर.

काकांची पावलं कमी भरली. सहा तुकडे परत उचलायचे, फूटभर रस्त्याकडे घ्यायचे. हायड्रावाला कुरकुरला. रात्रीचा एक वाजून गेला होता. उचलले.

(इथे निवेदन नाही. हायड्राचा आवाज, साखळी, "आस्ते... आस्ते... बस".)

रांगेचं पहिलं टोक कधीच गाडीच्या समोर उघडं ठेवायचं नाही. काँक्रीटचं बोथट डोकं समोरून लागलं तर ते वाचवत नाही, तेच मारतं. म्हणून रांग सुरुवातीलाच हळूहळू रस्त्यापासून बाहेर वळवत नेतात, किंवा तोंडाशी धडक शोषणारी गादी ठेवतात. इथे वळवलीय. वळणही बेताचं, नाहीतर गाडी घासण्याऐवजी सरळ आदळेल. आणि दोन तुकड्यांमधली पिन प्रत्येक ठिकाणी घातलेली हवी. पिन नसलेला बॅरियर ही नुसती ओळीत ठेवलेली दगडं.

दगडांवरून आठवलं. काम आटोपल्यावर चुना फासलेले दगड आणि झाडाच्या फांद्या रस्त्यातच सोडून जायची आपल्याकडची सवय. रात्री हेडलाइट कमजोर असलेल्या बाइकवाल्याला ते दिसत नाहीत. एवढंच.

(दृश्य: अगदी जवळून. जुन्या लुगड्याचा ओला तुकडा, रेडियमची पट्टी.)

या मावशी संध्याकाळपासून एकच काम करतायत. बादलीत फडकं बुडवायचं, पिळायचं, रेडियम पुसायचं. कोकणातली तांबडी माती एका दिवसात पट्टीवर असा थर धरते की दिवे पडले तरी ती चमकत नाही. पुसण्याआधीची ही टाकी, आणि ही पुसल्यानंतरची. फरक सांगायची गरज नाही.

(दृश्य: पट्टी उजळते. गाडी जाते.)

मावशींचं काम अंदाजपत्रकात कुठल्या ओळीत येतं ते आम्ही शोधलं. वेगळी ओळ नाही. ती असायला हवी.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. रस्त्याच्या बांधणीत आणि देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १९८अ आहे. दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये.

(दृश्य: पहाट. धुकं. एसटी जाते.)

पहाटे पाच. सगळं मांडून झालंय. मांडताना वाहतुकीच्या दिशेने, पहिल्या पाटीपासून खड्ड्याकडे आले. काढतील तेव्हा उलट्या दिशेने, शेवटून सुरुवातीकडे. म्हणजे सूचनेची पाटी सगळ्यांत शेवटी निघेल, तिच्या आडोशाशिवाय कुणीही रस्त्यावर उभं असणार नाही.

काका हातात बांबूचा तुकडा घेऊन रांगेच्या मागून चालू लागतात. प्रत्येक टाकीवर एक टोला. थप्. थप्. थप्. भरलेली टाकी बोलत नाही. सतराव्या टाकीवर आवाज बदलतो. ढम्. ते वाकून तळाचं बूच चाचपतात. बूच जागेवर नाही. खाली डांबर ओलं आहे. कुणी काढलं, की बसलंच नव्हतं, कोण जाणे.

टँकर निघून गेलाय. काका मोबाइल कानाला लावतात.

"हां, परत फिरवा. एक टाकी राहिली. हो, एकच. पण फिरवा."

(दृश्य: काका त्या टाकीच्या मागे, झेंडा हातात, टँकर येईपर्यंत. निवेदन नाही.)